पुलाच्या तोंडाशी सराई: साउथवर्कच्या 'जॉर्ज'चं प्रकरण

साउथवर्क म्हणजे लंडनचा टेम्सच्या दक्षिण काठावरचा भाग. तिथल्या लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटला लागायचं आणि नदीकडे पाठ करून चालू लागायचं. डाव्या हाताला दुकानांच्या मधून एकामागून एक बोळ लागतात: किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅलबॉट यार्ड. प्रत्येक बोळाचं नाव म्हणजे एका जुन्या सराईचं नाव. किंग्ज हेडच्या बोळात त्याच नावाचा पब आहे, पण ती इमारत एकोणिसाव्या शतकातली. व्हाइट हार्ट आणि टॅलबॉटच्या बोळांत सराईचा मागमूसही नाही. नुसती नावं भिंतीवर राहिली आहेत. फक्त जॉर्जच्या बोळात शिरलं की उजव्या हाताला अचानक लाकडी सज्जे दिसतात, एकावर एक दोन मजले. पांढरा कठडा, त्यामागे ओळीने दारं-खिडक्या, खाली फरसबंद चौक. एखाद्या मोठ्या वाड्याची एकच बाजू उभी आहे आणि बाकीच्या पडून गेल्या आहेत, असं बघताक्षणी वाटतं. झालंही नेमकं तसंच आहे.

जॉन स्टो या लंडनच्या इतिहासकाराने १५९८ साली शहराचं जे वर्णन छापलं, त्यात या एका रस्त्याच्या एका बाजूच्या वाटसरूंसाठीच्या सराया नावानिशी सांगितल्या आहेत: स्पर, ख्रिस्तोफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट, किंग्ज हेड. सलग आठ. त्यांतल्या सात गेल्या. आठवीही पुरती उरलेली नाही, तिचा एक तुकडा उरला आहे. एवढ्या सराया एकाच रस्त्याला का लागल्या आणि त्यांतली हीच का वाचली, हे दोन प्रश्न मला या जागेने घातले. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्याचं उत्तर मनाला लागतं.

एकच पूल

लंडनच्या टेम्सवर कित्येक शतकं एकच पूल होता. ११७६ मध्ये काम सुरू होऊन १२०९ मध्ये पुरा झालेला हा दगडी पूल १९ कमानींचा होता. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी घरं आणि दुकानं, मध्ये एक देऊळ, साउथवर्कच्या टोकाला वेस. पुढचा पूल पटनीला झाला तो १७२९ मध्ये, आणि वेस्टमिन्स्टरचा १७५० मध्ये. म्हणजे पाचशेहून जास्त वर्षं केंट, ससेक्स आणि सरेचा सगळा माणूस, सगळं धान्य, सगळी मेंढरं, डोव्हरच्या बंदरातून येणारा फ्रान्सचा व्यापारी, कँटरबरीहून परतणारा यात्रेकरू, हे सगळे दक्षिणेकडून येऊन एकाच रस्त्यावर गोळा व्हायचे. तो रस्ता म्हणजे आजची बरो हाय स्ट्रीट.

रात्री वेस बंद व्हायची. अंधार पडल्यावर पोचणाऱ्याला अलीकडेच मुक्काम करावा लागे. ज्याला पहाटे दक्षिणेकडे निघायचं आहे तोही आदल्या संध्याकाळी पूल ओलांडून इकडे येऊन झोपे, म्हणजे सकाळी वेस उघडायची वाट पाहायला नको. आणि पुलावर घरांच्या मधून उरलेली वाट इतकी अरुंद की समोरासमोर दोन गाड्या आल्या की तंटा ठरलेला. १७२२ मध्ये शेवटी लॉर्ड मेयरने हुकूम काढला की प्रत्येक गाडीने आपल्या डाव्या बाजूनेच जायचं. इंग्लंडमध्ये डावीकडून गाडी हाकायच्या नियमाचा हा फार जुना दाखला. अशा पुलावरून मालाने भरलेली मोठी गाडी नेण्यापेक्षा ती अलीकडेच सराईच्या चौकात सोडायची आणि माल तिथूनच वाटायचा, हे गाडीवानाला परवडे.

नदीचंही तेच. पुलाचे खांब इतके जाड आणि जवळ जवळ होते की ते पाण्याला बांधासारखे आडवे येत. ओहोटीच्या वेळी पुलाच्या वरचं आणि खालचं पाणी यांच्यात दीड-दोन मीटरचा फरक पडे आणि कमानीखालून पाणी धबधब्यासारखं कोसळे. शहाण्याने पुलावरून जावं, मूर्खाने पुलाखालून, अशी म्हणच लंडनमध्ये होती. समजूतदार उतारू पुलाच्या अलीकडे नावेतून उतरत, चालत पलीकडे जात आणि पुन्हा नावेत बसत. वाटेवरचा आणि पाण्यावरचा असे दोन्ही प्रवासी एकाच जागी थांबत. नावाड्यांची वस्तीही याच काठाला दाट होती. टेम्सवर हजारो नावाडी पोट भरत.

तिसरं कारण कायद्याचं. पूल ओलांडला की शहराची सत्ता पुरती लागू होत नसे. साउथवर्कचा एक भाग १३२७ मध्ये शहराकडे आला, बाकीचे बरेच १५५० मध्ये राजाकडून विकत घेतले गेले, आणि तरीही विंचेस्टरच्या बिशपच्या ताब्यातला क्लिंकसारखा भाग वेगळाच राहिला. शहराला जे नको होतं ते इकडे आलं: अस्वलांच्या झुंजी, नाटकशाळा, कुंटणखाने, तुरुंग. १५८७ ची रोज आणि १५९९ ची ग्लोब ही नाटकगृहं याच काठावर होती. माणसांचा राबता असला की खाणंपिणं आलं आणि रात्रीची सोय आली.

बियरचा मामलाही इथलाच. इंग्लंडमध्ये पूर्वी 'एल' प्यायचे, म्हणजे हॉप्स, बियरला कडसर चव देणारी एका वेलीची फुलं, न घातलेली, लवकर आंबणारी. हॉप्स घातलेली बियर पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून, फ्लँडर्सकडून आली. तिथले बियर गाळणारे येऊन साउथवर्कमध्ये स्थायिक झाले. हॉप्सने बियर टिकाऊ झाली, लांब नेता येऊ लागली. पुढे केंटमध्येच हॉप्सचे मळे पसरले आणि त्यांच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्या याच रस्त्याने येऊ लागल्या. १८६७ मध्ये या रस्त्यालगत हॉप्सच्या सौद्यांसाठी जी भव्य इमारत उभी राहिली ती आजही आहे.

दारू विकणं आणि माणूस ठेवून घेणं

मराठीत आपण हे सगळं एकाच पिशवीत घालतो. गुत्ता म्हणतो, पब म्हणतो, खानावळ म्हणतो. इंग्रजांकडे यात तीन पायऱ्या होत्या आणि त्या कायद्याने वेगळ्या होत्या. एलहाउस म्हणजे एल-बियरचा साधा गुत्ता, बहुधा कुणाच्या तरी घराची पुढची खोली. टॅव्हर्न म्हणजे वाइन विकणारं घर, बऱ्या स्थितीतल्या लोकांसाठी. आणि इन म्हणजे सराई, जिथे माणूस, घोडा आणि माल या तिघांची रात्रीची सोय होते. १५७७ मध्ये सरकारने कर बसवायच्या उद्देशाने बऱ्याच परगण्यांतून मोजणी करवली. तिच्यात १४,२०२ एलहाउस, १,६३१ सराया आणि ३२९ टॅव्हर्न भरल्या. सराई ही मोठी गुंतवणूक होती. ती गल्लोगल्ली निघत नसे.

आपल्या धर्मशाळेपेक्षाही ती वेगळी. धर्मशाळा पुण्यासाठी बांधली जाई. सराई हा पैशाचा व्यवहार होता, पण त्या व्यवहाराला एक बंधन होतं. रस्त्याने आलेला, पैसे द्यायला तयार असलेला, नीट वागणारा वाटसरू जागा असताना सराईवाल्याला परत पाठवता येत नसे. आणि त्याचा माल सराईतून चोरीला गेला तर भरपाई सराईवाल्याने द्यायची. १५८४ च्या कॅली नावाच्या खटल्यात इंग्लिश न्यायालयाने हा नियम बारकाईने सांगितला. सराईच्या आवारात असेल त्याची जबाबदारी मालकाची. पण पाहुण्याने स्वतःच 'माझा घोडा बाहेर कुरणात चरायला सोडा' असं सांगितलं असेल आणि तिथून तो चोरीला गेला, तर मालक त्याला बांधील नाही.

चारशेहून जास्त वर्षांनी हाच प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९९८ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात एका पाहुण्याने गाडीची किल्ली दारावरच्या माणसाकडे दिली. परत आला तर गाडी गेलेली. खटला चालत चालत २०१९ मध्ये निकाल लागला आणि हॉटेलला जबाबदार धरण्यात आलं. त्या निकालात न्यायालयाने सराईवाल्याच्या जबाबदारीच्या जुन्या इंग्लिश नियमांची सविस्तर चर्चा केली आहे. घोड्याच्या जागी मोटार आली, मोतद्दाराच्या जागी गणवेशातला माणूस आला, पण लगाम हातात घेतला की जबाबदारी घेतली, हा मुद्दा तोच राहिला. साउथवर्कच्या त्या चौकांचा आपल्याशी खराखुरा धागा जुळतो तो मला इथे दिसतो.

चौक

जॉर्ज पहिल्यांदा कधी बांधली गेली ते कळत नाही. १५४२ च्या सुमारास काढलेल्या साउथवर्कच्या नकाशात ती दिसते. जागेचा आकार मात्र त्याहून जुना असणार. या रस्त्याच्या कडेची जमीन मध्ययुगात अशी वाटली गेली की प्रत्येकाला रस्त्यावर थोडंसं तोंड मिळालं आणि मागे लांबच लांब पट्टा मिळाला. रस्त्यावरची जागा सोन्याच्या मोलाची, मागची स्वस्त. म्हणून सगळ्या सराया सारख्याच घडणीच्या झाल्या. पुढे एक कमान, दिंडीदरवाजापेक्षा मोठी पण एकच गाडी जाईल एवढी. आत लांबट चौक. चौकाच्या पुढच्या भागात माणसांची व्यवस्था, मागच्या भागात तबेले, गाड्या, गवताच्या गंजी, कोठारं. खोल्या चौकाभोवती वरच्या मजल्यांवर.

सज्जे का, हे चौकात उभं राहून वर पाहिलं की कळतं. पट्टा अरुंद आहे. खोल्यांच्या दोन रांगा करून मध्ये आतला बोळ काढायला रुंदीच नाही. मग खोल्यांची एकच रांग करायची आणि त्यांना जोडणारा बोळ चौकाच्या बाजूने, बाहेर लटकता काढायचा. छपराखाली पण उघडा. जिना चढून त्या सज्ज्यावर यायचं, कठड्याला धरून चालत आपल्या दारापर्यंत जायचं. खाली आपला घोडा, आपली गाडी नजरेसमोर. चोरीची भीती ज्याच्या डोक्यात आहे अशा व्यापाऱ्याला याहून चांगली खोली कोणती? जॉर्जच्या कठड्याचं लाकूड जुनं आहे, त्यावर रंगाचे थर चढून कडा बोथट झाल्या आहेत. सज्ज्याची रेषा दोरीत नाही, मध्ये किंचित वाकली आहे. या लाकडाने वजन पेललं आहे, हे त्या वाकण्यावरून डोळ्यांना कळतं.

या चौकांचं रोजचं काम कसं चाले याचा उत्तम पुरावा एका नावाड्याने ठेवला. जॉन टेलर टेम्सवर नाव चालवणारा माणूस. कविता करी म्हणून लोक त्याला 'पाण्याचा कवी' म्हणत. रस्त्यावर घोडागाड्या वाढल्या की नावाड्यांचं गिऱ्हाईक तुटतं म्हणून त्याने आयुष्यभर गाड्यांच्या नावाने बोटं मोडली. त्याच माणसाने १६३७ मध्ये लंडनमधल्या सराया पालथ्या घालून एक पुस्तिका छापली: कुठल्या गावचा मालवाहू गाडीवान कुठल्या वारी येतो, कुठल्या सराईत उतरतो. तुम्हाला ससेक्समधल्या भावाला पत्र धाडायचं आहे किंवा केंटमधल्या आईला कापड पाठवायचं आहे, तर कुठे जायचं ते त्यात बघायचं. साउथवर्कच्या सरायांच्या नोंदींत गुरुवार पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे दर गुरुवारी हे चौक केंट, सरे, ससेक्सच्या गाड्यांनी भरत. आज ज्याला आपण ट्रान्सपोर्ट ऑफिस, पोस्ट आणि एसटी स्टँड म्हणतो ते तिन्ही इथे एका छपराखाली होतं. दारू हा त्या धंद्याचा एक भाग होता, आणि माझ्या मते सर्वांत मोठा भाग नव्हता. नुसती 'जुनी दारूची जागा' म्हणून जॉर्जकडे पाहणाऱ्याच्या हातून तिचं निम्मं सुटतं.

शेजारच्या सराया जास्त गाजल्या. टॅबर्ड तर जॉर्जला जवळजवळ लागूनच. चॉसर या कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मधले कँटरबरीला निघालेले यात्रेकरू जमतात ते तिथे, चौदाव्या शतकाच्या अखेरीस. तिथला गप्पिष्ट यजमान हॅरी बेली हा खरा माणूस होता. त्या नावाचा सराईवाला साउथवर्कतर्फे १३७६ आणि १३७८ च्या पार्लमेंटमध्ये बसला होता. सराईवाला किती वजनदार असामी असे, ते एवढ्यावरून लक्षात येईल. व्हाइट हार्टमध्ये १४५० च्या जुलैत जॅक केडने बंडाचा तळ दिला, कारण लंडन घ्यायचं तर आधी पुलाचं तोंड घ्यायला हवं. क्वीन्स हेड ही जॉन हार्वर्डला आईकडून मिळाली. तो याच वस्तीतल्या खाटकाचा मुलगा. १६२५ च्या प्लेगमध्ये बाप आणि भावंडं गेली. पुढे तो अमेरिकेत गेला, १६३८ मध्ये तरुणपणीच वारला आणि जाताना आपली निम्मी मालमत्ता आणि चारशेच्या आसपास पुस्तकं तिथल्या नव्या कॉलेजला देऊन गेला. त्या विद्यापीठाला आज त्याचं नाव आहे. साउथवर्कच्या वाटसरूंनी दिलेला पैसा त्या पायाभरणीत कुठेतरी आहे.

१६७६

२६ मे १६७६ रोजी साउथवर्कला आग लागली. दहा वर्षांपूर्वीच्या लंडनच्या मोठ्या आगीतून दक्षिण काठ बचावला होता, त्याचा नंबर आता लागला. सुमारे ५०० घरं गेली. टॅबर्ड, व्हाइट हार्ट आणि जॉर्ज, तिन्ही त्यात जळाल्या.

जॉर्जच्या चौकात बसून शेक्सपियर इथे प्यायचा असं सांगणारी माणसं भेटतात. शेक्सपियर १६१६ मध्ये वारला. आज दिसतं ते लाकूड आगीनंतरचं, १६७७ चं. तो या जागेवर आला असेलही. ग्लोब इथून फार लांब नाही. पण हा कठडा त्याने पाहिलेला नाही. हे मी हट्टाने सांगतो, कारण खोटं मोठेपण चिकटवलं की खरं मोठेपण झाकलं जातं. खरी गोष्ट अशी की राखेवर पुढच्याच वर्षी त्याच जागी, त्याच आकाराची, त्याच जुन्या सज्ज्यांच्या धाटणीची सराई पुन्हा उभी राहिली.

इतक्या लवकर कशी? भाडेकरू आणि मालक यांच्यात बांधकामाचा खर्च कुणी उचलायचा हा वाद जळालेल्या प्रत्येक घराचा होता. लंडनच्या आगीनंतर अशा वादांसाठी खास न्यायालय नेमलं होतं, साउथवर्कसाठीही पार्लमेंटने तशीच सोय केली. साधारण रीत अशी की जो पैसा घालून बांधतो त्याला भाड्यात सूट द्यायची आणि भाडेपट्ट्याची मुदत लांबवून द्यायची. मग सराईवाला ज्या बांधणीतून आपलं पोट भरतं तीच बांधणी पुन्हा करणार. गुरुवारच्या गाड्या थांबत नव्हत्या. नवा आराखडा सुचवायला कुणाला सवड नव्हती आणि गरजही नव्हती. टॅबर्डही तशीच उठली, फक्त नाव बदलून 'टॅलबॉट' झालं.

यानंतरची दीडशे वर्षं भरभराटीची. सडका सुधारल्या, टोलनाके झाले, १७८४ पासून टपालाच्या वेगवान गाड्या सुरू झाल्या. नदीवर एकापाठोपाठ एक पूल झाले: ब्लॅकफ्रायर्स १७६९ मध्ये, व्हॉक्सहॉल १८१६ मध्ये, वॉटर्लू १८१७ मध्ये. एकाच पुलाची मक्तेदारी सुटली. तरी या सरायांना धक्का बसला नाही, कारण वाहतूकच इतकी वाढली की सगळ्यांना पुरून उरली. एकेका चौकातून ठरल्या वेळी गाड्या सुटू लागल्या. वेळेला किंमत आली.

जॉर्जमध्ये त्या काळचं एक मोठं भिंतीवरचं घड्याळ आहे. १७९७ मध्ये पंतप्रधान पिटने घड्याळांवर कर बसवला, लोकांनी घड्याळं बाळगणं सोडलं, म्हणून सरायांनी गिऱ्हाइकांसाठी अशी मोठी घड्याळं लावली आणि त्यांना 'पार्लमेंटचं घड्याळ' नाव पडलं, अशी कथा आहे. कर खरा, तो वर्षभराच्या आत रद्दही झाला. पण अशी घड्याळं त्याआधी कित्येक दशकं सरायांमध्ये लागत होती. ती लागली गाड्यांसाठी. गाडी सुटली की सुटली, म्हणून चौकातल्या प्रत्येकाला लांबून दिसेल एवढी मोठी तबकडी.

आगगाडी

१८३६ च्या डिसेंबरात लंडन ब्रिज स्टेशन सुरू झालं. लंडनची पहिली रेल्वे, ग्रीनिचची, इथे येऊन थांबली. १८४१ मध्ये ब्रायटन जोडलं गेलं, १८४४ मध्ये डोव्हर. ज्या रस्त्यांच्या मुखाशी या सराया पाच-सहा शतकं बसल्या होत्या, नेमके तेच रस्ते रुळांवर गेले आणि त्याच मुखाशी येऊन थांबले. जॉर्जपासून स्टेशन हाकेच्या अंतरावर. पूर्वी दिवसभर लागे तिथे आता उतारू दोन-तीन तासांत डोव्हरहून येऊ लागला. त्याला रात्री कुठे झोपायची गरजच राहिली नाही.

त्याच महिन्यांत डिकन्सची 'पिकविक'ची कथा हप्त्याहप्त्याने छापून येत होती आणि तिच्यात व्हाइट हार्टचा चौक, तिथला बूट पुसणारा सॅम वेलर, सज्ज्यांवरून हाका मारणाऱ्या मोलकरणी, सगळं जिवंत होत होतं. डिकन्सला हा रस्ता पाठ होता. १८२४ मध्ये बाप कर्जापायी इथल्याच मार्शलसी तुरुंगात होता आणि बारा वर्षांचा पोरगा जवळच लँट स्ट्रीटला एका खोलीत राहून कामाला जाई. त्याने लिहिलं तेव्हा सराया चालू होत्या. त्याचं लिखाण मात्र वाचताना आधीच निरोपाचं वाटतं.

पुढची पडझड सावकाश झाली. वरच्या खोल्या रिकाम्या पडल्या, मग भाड्याने गेल्या, मग गळू लागल्या. चौक मालाच्या गोदामांना दिले गेले. १८७३ च्या सुमारास टॅलबॉट, म्हणजे जुनी टॅबर्ड, पाडली. १८७५ मध्ये काही लोकांनी एकत्र येऊन पाडायला निघालेल्या जुन्या लंडनची छायाचित्रं काढून ठेवायला सुरुवात केली. १८८० च्या दशकात त्यांचा कॅमेरा या रस्त्यावर आला. त्या चित्रांत जॉर्जचे सज्जे आहेत, व्हाइट हार्टचे आहेत, किंग्ज हेडचे आहेत. कठड्यावर कपडे वाळत घातलेले, चौकात हातगाड्या उभ्या केलेल्या. मला ती चित्रं सतराव्या शतकाच्या कुठल्याही भव्य चित्रापेक्षा जास्त बोलकी वाटतात, कारण त्यात इमारत आपलं शेवटचं काम करताना दिसते.

जॉर्जचं काय झालं? ती आधी शेजारच्या गाय्ज हॉस्पिटलच्या मालकीत गेली आणि १८७४ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने घेतली. ही कंपनी उत्तरेकडची, तिचं स्टेशन किंग्ज क्रॉस, टेम्सच्या पलीकडे. तिला दक्षिण काठावरचा माल गोळा करायला एक चौक हवा होता. गंमत म्हणून नव्हे, जुनी जागा जपायची म्हणूनही नव्हे. गाड्या आत येतील, वळतील, माल उतरेल, अशी मोकळी जागा हवी होती. सोळाव्या शतकातल्या गाडीवानाला या चौकाचं जे मोल होतं, तेच मोल रेल्वेच्या मालखात्याला वाटलं. १८८९ मध्ये कंपनीने चौकाच्या दोन बाजूंचे सज्जे पाडून तिथे गोदामं उभी केली. दक्षिणेची बाजू तेवढी ठेवली. त्याच वर्षी व्हाइट हार्टही पाडली गेली.

दक्षिणेची बाजू ठेवली ती का? मला दिसतं ते असं. तिच्या तळमजल्यावर सराईचा पिण्याखाण्याचा धंदा चालू होता आणि भाडं येत होतं. मालखात्याची गरज दोन बाजूंत भागली. तिसरी बाजू पाडायलाही खर्च आला असता. इमारत कुणाच्या प्रेमाने वाचली नाही, ती गरज संपली म्हणून वाचली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मनाला लागतं म्हणालो ते याचसाठी. शेजारची व्हाइट हार्ट जॅक केडची, डिकन्सची. टॅबर्ड चॉसरची. त्यांच्या नावाला जगभर मान होता आणि त्या मानाने त्यांची एक वीटही वाचवली नाही. ज्या सराईच्या नावावर सर्वांत कमी गोष्टी होत्या तीच उभी राहिली, कारण तिच्या मालकाला चौक हवा होता आणि चौकाचं पोट लवकर भरलं.

त्यानंतरच्या पन्नासएक वर्षांत मात्र प्रेम दिसतं. चालवणाऱ्यांनी ती जुन्या धाटणीनेच चालवली, सज्जे बंद करून नव्या भिंती घातल्या नाहीत. १९३७ मध्ये तेव्हाच्या मालक रेल्वेने ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केली. लंडनमध्ये सज्ज्यांची ही एकच सराई आता उरली आहे आणि कायद्याने तिला सर्वांत वरच्या श्रेणीचं संरक्षण आहे. पुढच्या बोळात, टॅलबॉट यार्डात, २००३ मध्ये एक निळी पाटी लागली: टॅबर्ड इथे होती.

जॉर्जमध्ये आज बियर मिळते, जेवण मिळतं, तळमजल्यावर एकातून एक निघणाऱ्या बुटक्या खोल्या आहेत, छत डोक्याला लागेल की काय असं वाटतं. वरच्या मजल्यावर, जिथे केंटचे गाडीवान आणि हॉप्सचे व्यापारी झोपायचे, तिथे जेवणाची टेबलं मांडली आहेत. सज्ज्यावरची दारं तशीच आहेत. मुक्कामाला खोली मात्र मिळत नाही. इन म्हणून जे तिचं मूळ काम होतं, रस्त्याने आलेल्याला रात्रीपुरता आसरा द्यायचा, तेवढं सोडून बाकी सगळं चालू आहे.